भिंत असलेली पेशी आणि भिंत नसलेली पेशी

ठाणे आणि नवी मुंबईच्या पानांवर एक बातमी वरचेवर येते. अमक्या ठिकाणी रातोरात खाडीकाठी डंपर रिकामे झाले, राडारोडा पसरला आणि काही महिन्यांत तिवरांचा अख्खा पट्टा वाळून गेला. वाचताना प्रश्न पडतोच. कुणी कुऱ्हाड लावली नाही, विषही घातलं नाही. नुसता भराव टाकला. खाऱ्या पाण्यात आणि गुडघाभर चिखलात जन्म काढणारं झाड एवढ्याने मरतं कसं?

दुसरी बातमी नवी मुंबईतल्या खारघरची. टाटा मेमोरियलच्या तिथल्या केंद्राचं नाव अलीकडे ‘कार-टी’ या उपचारासोबत घेतलं जातं. रुग्णाच्याच रक्तातल्या पांढऱ्या पेशी बाहेर काढायच्या, त्यांच्यात बदल करायचा आणि पुन्हा त्याच्याच शिरेतून आत सोडायच्या, असा हा रक्ताच्या काही कर्करोगांवरचा उपचार. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून घडलेल्या पहिल्या भारतीय कार-टी उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. पेशीत ‘बदल करतात’ म्हणजे नेमकं कुठे आणि काय करतात, हे मात्र बातमीत कळत नाही.

या दोन्ही प्रश्नांची उत्तरं शाळेतल्या एकाच धड्यात आहेत. डाव्या बाजूला चौकोनी वनस्पतीपेशी, उजव्या बाजूला गोलसर प्राणीपेशी, खाली ‘फरक स्पष्ट करा’. बहुतेकांनी तो तक्ता पाठ केला, पेपरात उतरवला आणि सोडून दिला. तो पाठ करायची गरजच नाही, असं मला मनापासून वाटतं. वनस्पतीच्या पेशीला भिंत असते आणि प्राण्याच्या पेशीला नसते, एवढा एक फरक घट्ट धरला की बाकीचे बहुतेक त्याच्या मागोमाग येतात.

## पेशी केवढी असते?

सजीवाचा जो सगळ्यात लहान भाग स्वतः जिवंत असतो, तो म्हणजे पेशी. कांद्याच्या पापुद्र्यातली एक पेशी पाव मिलिमीटर लांब असू शकते. आपल्या गालाच्या आतल्या बाजूची पेशी मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढी. रक्तातल्या तांबड्या पेशी तर एका मिलिमीटरमध्ये सव्वाशे ओळीने बसतील. मोठ्या माणसाच्या शरीरात साधारण ३० लाख कोटी पेशी असतात, आणि त्यांतल्या बहुतेक याच तांबड्या पेशी.

रॉबर्ट हूकने १६६५ मध्ये बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि त्याला रांगेने लावलेले रिकामे कप्पे दिसले. त्या पेशी मेलेल्या होत्या, उरल्या होत्या त्या फक्त त्यांच्या भिंती. म्हणजे माणसाने पेशीचा पहिल्यांदा पाहिलेला भाग हा भिंतच होता. पुढे १८३८ मध्ये श्लायडेनने सगळ्या वनस्पती पेशींच्याच बनलेल्या असतात असं मांडलं आणि १८३९ मध्ये श्वानने तेच प्राण्यांबद्दल सांगितलं. हूकपासून इथवर पावणेदोनशे वर्षं गेली. त्याचं एक कारण असं की भिंत नसल्यामुळे प्राण्याच्या पेशीची कड साध्या भिंगाखाली जेमतेम दिसते. श्वानने आधार घेतला तो केंद्रकाचा. १८३१ मध्ये रॉबर्ट ब्राउनने ऑर्किडच्या पेशींत जो गोल ठिपका ठळकपणे नोंदवला होता, तसाच ठिपका प्राण्यांच्या शरीरात जागोजागी सापडतो, हे श्वानच्या लक्षात आलं.

## आधी दोघांत सारखं काय ते पाहू

फरकाच्या नादात हे राहून जातं, पण पालक आणि माणूस यांच्या पेशींत सारखेपणाच जास्त आहे.

दोघांनाही पटल असतं. पुस्तकात त्याला प्रद्रव्यपटल म्हणतात. स्निग्ध पदार्थाच्या रेणूंचा हा दुहेरी थर इतका पातळ असतो की एक मिलिमीटर जाडी भरायला लाखभर पटलं एकावर एक रचावी लागतील. त्यात जागोजागी प्रथिनं रोवलेली असतात. आत काय घ्यायचं, बाहेर काय टाकायचं आणि बाहेरून आलेला निरोप कसा ओळखायचा, हे सगळं या प्रथिनांच्या हाती असतं. पेशी जिवंत राहते ती या पटलामुळे. भिंतीशिवाय जगणाऱ्या पेशी कितीतरी आहेत, पटलाशिवाय जगणारी एकही नाही.

पटलाच्या आत पेशीद्रव्य असतं: पाणी, क्षार आणि दाटीवाटीने असलेली प्रथिनं. त्यात केंद्रक असतं आणि केंद्रकात डीएनए. माणसाच्या एका पेशीतला डीएनए उलगडून सरळ केला तर सुमारे दोन मीटर भरतो. कोणतं प्रथिन कसं बनवायचं याच्या सूचना त्यात असतात. मूळ डीएनए केंद्रकाबाहेर जात नाही, जाते ती हव्या तेवढ्या सूचनेची नक्कल. ती नक्कल वाचून प्रथिन जोडायचं काम रायबोझोम करतात. रायबोझोमची रचना अणूपर्यंत उलगडून दाखवल्याबद्दल २००९ चं रसायनशास्त्राचं नोबेल तिघांना मिळालं. त्यांतले एक वेंकटरामन रामकृष्णन, जन्म तमिळनाडूतल्या चिदंबरमचा.

जी प्रथिनं पटलावर बसवायची किंवा पेशीबाहेर पाठवायची असतात, ती आंतर्द्रव्यजालिकेवरच्या रायबोझोमवर तयार होतात. जालिका म्हणजे केंद्रकाला लागून असलेलं पटलांचं जाळं. तिथून ती गॉल्गी पिंडात जातात, तिथे त्यांच्यावर शेवटचे संस्कार होतात आणि छोट्या पिशव्यांतून ती ठरल्या जागी पोचतात. केंद्रक, रायबोझोम, जालिका, गॉल्गी, पटल हा रस्ता लक्षात असू द्या. खारघरच्या उपचारात तो पुन्हा लागणार आहे.

राहिल्या तंतुकणिका, म्हणजेच मायटोकॉन्ड्रिया. साखरेतून निघालेले तुकडे ऑक्सिजनच्या मदतीने जाळून पेशीला वापरता येईल अशी ऊर्जा त्या तयार करतात, आणि त्यात कार्बन डायऑक्साइड व पाणी बाहेर पडतं. या वनस्पतीतही असतात, हे मुद्दाम सांगतो. दहावी झालेल्यांपैकीही बऱ्याच जणांना ते ठाऊक नसतं, आणि तिवराचं मरण कळायला नेमकी तीच गोष्ट लागते.

## भिंत, पटल आणि पाणी

पाण्याची एक सवय आधी माहीत हवी. पटलाच्या एका बाजूला मीठ किंवा साखर कमी आणि दुसऱ्या बाजूला जास्त असेल, तर पाणी कमी बाजूकडून जास्त बाजूकडे आपोआप जातं. याला परासरण म्हणतात. पेशीच्या आत क्षार आणि साखर भरपूर असते, त्यामुळे गोड्या पाण्यात ठेवलेल्या कोणत्याही पेशीत पाणी शिरत राहतं. ते थांबवणार कोण?

सायकलचं चाक डोळ्यांसमोर आणा. पटल म्हणजे ट्यूब, भिंत म्हणजे टायर. नुसत्या ट्यूबमध्ये हवा भरत राहिलात तर ती एका जागी फुगा धरून फुटेल. तीच ट्यूब टायरमध्ये असली की हवा टायरवर दाब देते, टायर उलट दाबतो आणि चाक टणक होतं. वनस्पतीच्या पेशीत हवेच्या जागी पाणी असतं. पाणी शिरतं, पटल भिंतीवर दाबलं जातं, भिंत ताणली जाते पण फाटत नाही, आणि दाब पुरेसा झाला की जेवढं पाणी आत येतं तेवढंच बाहेर जाऊ लागतं. ताज्या, पाणी मिळालेल्या पानांच्या पेशींत हा दाब अनेकदा मोटारीच्या टायरमधल्या दाबाच्या दुपटीहून जास्त असतो. रोपाला हाडं नसतात. कोवळी काडी उभी राहते ती याच दाबावर.

ही भिंत, म्हणजे पेशीभित्तिका, मुख्यतः सेल्युलोजच्या धाग्यांची असते. ती पाणी अडवत नाही, त्यातून पाणी सहज आरपार जातं. निवड करायचं काम पटलाचं आणि आकार धरून ठेवायचं काम भिंतीचं. पेपरात या दोघांची अदलाबदल नेहमी होते.

आता रिक्तिका. वाढ झालेल्या वनस्पतीपेशीत मध्यभागी एक मोठी पिशवी असते. बऱ्याच पेशींत तिने ८० ते ९० टक्के जागा व्यापलेली असते आणि केंद्रकासकट बाकीचं सगळं कडेला सरकलेलं असतं. पाणी भरून दाब धरते ती मुख्यतः हीच. पाण्याखेरीज तिच्यात क्षार, साखर, आम्लं आणि रंगही साठतात. लिंबाचा आंबटपणा रिक्तिकेतला आणि बीटाचा लाल रंगही तिथलाच. म्हणूनच बीट उकडलं की पटलं फाटतात आणि पाणी लालभडक होतं. नारिंगी गाजराचा रंग रिक्तिकेत नसतो, लवक नावाच्या वेगळ्या कणांत असतो, आणि तो पाण्यात विरघळतही नाही. त्यामुळे गाजर उकडलेलं पाणी फारसं रंगत नाही.

स्वयंपाकघरातली बाकीची उत्तरंही यातूनच मिळतात. काकडी चोचवून मीठ लावलं की पाणी सुटतं, कारण बाहेरच्या मिठाकडे पेशीतलं पाणी ओढलं जातं. म्हणून खमंग काकडीत मीठ ऐनवेळी घालतात. दुपारच्या उन्हात मलूल झालेली मेथी पाणी मारल्यावर तरतरीत होते. ठाण्यात जांभळी नाक्याच्या मंडईत भाजीवाल्या मावशी जुड्यांवर पाणी शिंपडून ओलं गोणपाट घालतात, तेव्हा त्या पेशींचा उतरलेला दाबच परत भरत असतात. शिजलेल्या पालकाला मात्र कितीही पाणी मारा, तो उभा राहत नाही. भिंती जागेवर असतात, पण ट्यूब फाटलेली असते.

हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर महागडी सामग्री लागत नाही. आपल्याकडे जवळपास प्रत्येक सोसायटीच्या बागेत कडेला ऱ्हिओची रोपं असतात, वरून हिरवी आणि पाठीला जांभळी पानं असलेली. पान दुमडून तिरकं फाडलं की पाठीचा जांभळा पापुद्रा सुटतो. तो काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात ठेवून शाळेतल्या साध्या सूक्ष्मदर्शकाखाली धरला की काठोकाठ जांभळ्या रंगाने भरलेल्या षटकोनी पेशी दिसतात. मग कडेने मिठाच्या दाट पाण्याचा थेंब सोडायचा आणि थोडा वेळ थांबायचं. जांभळा रंग कोपरे सोडून आत सरकू लागतो, गोळा होतो आणि जास्त गडद दिसतो. बाहेरची षटकोनी चौकट मात्र जशीच्या तशी राहते. ती चौकट म्हणजे भिंत, आणि जांभळ्या गोळ्याची कड जिथे दिसते तिथे, रिक्तिकेला बिलगून आत ओढलं गेलेलं पटल. लगेच साधं पाणी दिलं तर गोळा पुन्हा फुगून चौकट भरतो. भिंत आणि पटल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मुलांना पटवून द्यायला याहून चांगला मार्ग मला माहीत नाही.

## सलाइनमध्ये मीठ कशाला?

टायर नसलेल्या ट्यूबचं काय होतं, हे आपल्याच रक्तात दिसतं. तांबड्या पेशी शुद्ध पाण्यात टाकल्या की पाणी आत शिरतं, त्या फुगतात आणि फुटतात. दाट मिठाच्या पाण्यात टाकल्या तर आक्रसतात. म्हणून शिरेतून देतात ते सलाइन एक लिटर पाण्यात नऊ ग्रॅम मीठ, म्हणजे ०.९ टक्के, अशा मापाचं असतं. आतबाहेरचं माप जुळतं आणि पेशी आहे तशी राहते. शिरेतून नुसतं पाणी दिलं तर ते जिवावर बेतू शकतं.

भिंत नसल्याची ही किंमत आहे. प्राण्याच्या शरीराला आपल्या पेशींभोवतालचं पाणी सतत योग्य मापाचं ठेवावं लागतं, आणि मूत्रपिंडं दिवसरात्र तेच सांभाळत असतात. झाडाला ती काळजी बरीच कमी, कारण पाणी जास्त झालं तर भिंत पाहून घेते.

## ‘झाडं तर ऑक्सिजन देतात, मग त्यांना तो लागतो कशाला?’

ही शंका मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. वनस्पतीत हरितलवकं असतात. ती सूर्यप्रकाशात पाणी आणि कार्बन डायऑक्साइडपासून साखर बनवतात आणि ऑक्सिजन सोडतात. पण साखर बनवणं हे एक काम आणि त्या साखरेतून ऊर्जा काढणं हे दुसरं. दुसऱ्या कामाला तंतुकणिकाच लागतात आणि तंतुकणिकांना ऑक्सिजन. झाडाच्या जिवंत पेशी रात्रंदिवस श्वसन करतात. दिवसा हिरव्या पानात तयार होणारा ऑक्सिजन पानाच्या स्वतःच्या गरजेहून जास्त असतो, म्हणून उरलेला बाहेर पडतो. रात्री झाड ऑक्सिजन फक्त घेतं. तेवढ्यावरून रात्री झाडाखाली झोपल्याने जीव गुदमरतो असं कुणी म्हणेल, तर ते खरं नाही. मोकळ्या हवेत तो फरक नगण्य असतो.

आता जमिनीखाली जाऊ. मुळाच्या पेशीत हरितलवकं नसतात, कारण तिथे उजेड नाही. साखर पानांतून खाली येते, पण ऑक्सिजन तसा येत नाही. तो मुळाला मातीतल्या पोकळ्यांतल्या हवेतून घ्यावा लागतो. कुंडीत पाणी साचून राहिलं की रोप सडतं ते यामुळेच. मूळ पाण्याने मरत नाही, ऑक्सिजनवाचून मरतं.

हरितलवकं आणि तंतुकणिका यांची आणखी एक गंमत सांगण्यासारखी आहे. दोघांनाही स्वतःचा वेगळा डीएनए असतो. माणसाच्या तंतुकणिकांत ३७ जनुकं असतात आणि ती आपल्याला फक्त आईकडून मिळतात. फार पूर्वी हे दोन्ही भाग स्वतंत्र जिवाणू होते आणि मोठ्या पेशीत शिरून तिथेच नांदले, असं लिन मार्ग्युलिसने १९६७ मध्ये मांडलं. तेव्हा फार कुणी मानलं नाही, आज ते सर्वमान्य आहे. हरितलवकांचे पूर्वज नील-हरित जिवाणूंपैकी होते. ज्यांना आपण सवयीने नील-हरित शैवाल म्हणतो ते हेच, आणि हिवाळा-उन्हाळ्यात ठाण्याच्या खाडीत उतरणारे छोटे फ्लेमिंगो मुख्यतः त्यांच्यावरच जगतात. त्यांचा गुलाबी रंगही त्याच खाण्यातून येतो.

## मग राडारोड्याने तिवर का मरतं?

ऐरोलीला खाडीकाठी किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे. तिथल्या तिवरांच्या रानात ओहोटीच्या वेळी उभं राहिलं तर आतापर्यंत सांगितलेलं सगळं एका झाडात पाहता येतं.

आधी पान. तिवराच्या पानावर कोरड्या दिवसांत बोट फिरवलं की पांढरी कणी हाताला लागते. ते मीठ. खाडीचं पाणी खारं आहे, म्हणजे परासरणाच्या नियमाने पाणी मुळातून बाहेरच निघून जायला हवं. तिवर तसं होऊ देत नाही. बरंचसं मीठ ते मुळाशीच गाळून अडवतं. जे आत येतं त्यातलं काही पेशींच्या रिक्तिकांत साठवतं, म्हणजे नाजूक पेशीद्रव्य सुरक्षित राहतं आणि आतला खारेपणा वाढल्यामुळे पाणीही ओढता येतं. उरलेलं मीठ पानांवरच्या खास ग्रंथींतून बाहेर टाकतं. (पान जिभेला लावून पाहायचा मोह टाळा, खाडीचं पाणी स्वच्छ नाही.)

मग चिखल. तो काळा असतो आणि त्याला कुजक्या अंड्यांसारखा वास येतो. हा वास ऑक्सिजनशिवाय जगणाऱ्या जिवाणूंच्या कामाचा. खालच्या चिखलात ऑक्सिजन जवळपास नसतोच. मुळांच्या पेशींत तंतुकणिका तर आहेत, मग त्यांना ऑक्सिजन मिळतो कुठून? झाडाभोवती चिखलातून पेन्सिलीसारख्या वीतभर काड्या शेकड्याने वर आलेल्या दिसतात, त्यातून. ती श्वसनमुळं. त्यांच्या सालीवर बारीक छिद्रं असतात आणि आतला गाभा हवेच्या पोकळ्यांनी भरलेला. भरती आली की ती बुडतात, ओहोटी लागली की उघडी पडून हवा घेतात, आणि ती हवा पोकळ्यांतून खालच्या मुळांपर्यंत पोचते.

यावर राडारोडा पडला की श्वसनमुळं गाडली जातात. किंवा भराव असा पडतो की भरतीचं पाणी आत येऊन अडकतं, ओहोटीला बाहेर जातच नाही आणि काड्या कायमच्या बुडतात. दोन्ही बाबतीत घडतं एकच. खाली हवा जात नाही, मुळांच्या पेशींना ऊर्जा मिळत नाही. मीठ अडवायला आणि हलवायला ऊर्जा लागते, ती नसली की मीठ आत शिरतं. पानं पिवळी पडतात, गळतात. वरून पाहणाऱ्याला झाड वाळलेलं दिसतं, प्रत्यक्षात ते मुळाकडून गुदमरलेलं असतं. म्हणून ‘आम्ही एकही झाड तोडलं नाही’ हा बचाव निरर्थक आहे. मुंबई उच्च न्यायालयाने तोडीसोबत भरावालाही मनाई केली आणि तिवरांभोवतीचा ५० मीटरचा पट्टाही त्या मनाईत धरला, यामागचं कारण झाडाच्या पेशीतच सापडतं. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं आणि २०२२ मध्ये ते रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरलं. पण ते टिकणार की नाही हे शेवटी या वीतभर काड्यांना हवा मिळते की नाही, यावर आहे.

## ‘भिंत इतकी कामाची, तर आपल्याला का नाही?’

कारण भिंतीतल्या पेशीला हलता येत नाही. झाड आपलं अन्न जागेवर बनवतं, त्याला कुठे जायचं नसतं, तेव्हा भिंत त्याला परवडते. प्राण्याला अन्नाच्या मागे जावं लागतं. स्नायूची पेशी आखडायला आणि सैल व्हायला हवी, तांबडी पेशी स्वतःपेक्षा अरुंद केशवाहिनीतून दबून पलीकडे निघायला हवी. कण्यापासून पायापर्यंत जाणाऱ्या चेतापेशीचा धागा तर मीटरभर लांब असतो. टणक भिंतीत यातलं काही जमलं नसतं. शरीराला ताठ ठेवायचं काम मग हाडांकडे गेलं.

पांढऱ्या पेशी तर चक्क सरपटतात. काही जण जिवाणूला चारी बाजूंनी वेढून गिळतात आणि आतल्या लयकारिकेत, म्हणजे पाचक रसांच्या पिशवीत, त्याचा फडशा पाडतात. पटल लवचीक आणि मोकळं आहे म्हणूनच हे गिळणं शक्य होतं. वनस्पतीत हे मोडतोडीचं काम बरंचसं रिक्तिकेतच उरकतं.

पेशी दोन होतानाही हाच फरक दिसतो. प्राण्याची पेशी मध्यभागी आवळली जाऊन दोन होते. वनस्पतीच्या पेशीला भिंतीमुळे आवळता येत नाही, त्यामुळे गॉल्गीकडून आलेल्या पिशव्या मधोमध जुळून नवी आडभिंत उभी राहते. पुस्तकातलं तारककेंद्र प्राणीपेशीत असतं आणि विभाजनात भाग घेतं. आंबा-वडासारख्या झाडांचं त्यावाचून अडत नाही.

मोकळेपणाला धोकाही आहे. झाडांनाही गाठी येतात, पण गाठीतली पेशी शेजाऱ्यांना भिंतीनेच चिकटलेली असल्यामुळे ती सुटून दुसऱ्या फांदीवर जाऊन वाढू शकत नाही. माणसाच्या शरीरात कर्करोगाची पेशी सुटते, रक्तातून जाते आणि यकृतात किंवा हाडांत जाऊन रुजते. कर्करोग जिवावर उठतो तो बहुतेक वेळा या पसरण्यामुळे.

## खारघरच्या उपचारात पेशीचा कोणता भाग बदलतात?

पांढऱ्या पेशींतला एक प्रकार म्हणजे टी-पेशी. शरीरभर फिरून संशयास्पद पेशी ओळखणं आणि मारणं हे तिच्या कामांपैकी एक. ओळख पटते ती पटलावरच्या प्रथिनांनी. बी-पेशी हा पांढऱ्या पेशींतलाच आणखी एक प्रकार. काही रक्ताच्या कर्करोगांत बिघडलेल्या बी-पेशींच्या पटलावर सीडी१९ नावाचं प्रथिन असतं, पण रुग्णाच्या टी-पेशी तेवढ्यावरून त्यांना शत्रू मानत नाहीत.

म्हणून टी-पेशी बाहेर काढून त्यांच्या केंद्रकात एक नवं जनुक पोचवतात. त्यासाठी निरुपद्रवी केलेला विषाणू वाहक म्हणून वापरतात. पुढचं काम पेशी आपल्या ठरल्या रस्त्याने करते. केंद्रकातून सूचनेची नक्कल निघते, रायबोझोम ती वाचतात, प्रथिन जालिकेतून आणि गॉल्गीतून जातं आणि पटलावर येऊन बसतं. हे नवं प्रथिन सीडी१९ ओळखतं. अशा पेशी वाढवून परत शिरेत सोडल्या की त्या फिरतात, सीडी१९ दिसेल त्या पेशीला चिकटतात आणि तिला मारतात. निरोगी बी-पेशींवरही सीडी१९ असतं, त्यामुळे त्याही मारल्या जातात आणि रुग्णाला काही काळ जंतुसंसर्गापासून जपावं लागतं.

‘जनुक बदललं म्हणजे माणूसच बदलला का, ते मुलाबाळांत जाईल का?’ असं लोक काळजीने विचारतात. नाही. बदल फक्त काढलेल्या टी-पेशींत आणि त्यांच्यापासून झालेल्या पेशींत असतो. पुढच्या पिढीत जातात ती बीजपेशींतली, म्हणजे स्त्रीबीज आणि शुक्राणू यांच्यातली जनुकं, आणि त्यांना इथे हातही लावलेला नसतो.

## बुरशी आणि जिवाणू कुठे बसतात?

तक्त्यात फक्त दोन रकाने असल्यामुळे मुलांना वाटतं की जे प्राणी नाही ते वनस्पती. पावसाळ्यात लोणच्यावर येणाऱ्या बुरशीच्या पेशीला भिंत असते, पण सेल्युलोजची नसते. ती मुख्यतः कायटिन आणि तशाच इतर शर्करांची असते. कोळंबीच्या टरफलातही कायटिनच असतं. हरितलवकं बुरशीत नसतात, त्यामुळे तिला आयतं अन्न लागतं. जिवाणूलाही भिंत असते, तिसऱ्याच पदार्थाची. केंद्रक आणि तंतुकणिका त्याच्यात नसतात. रायबोझोम असतात, पण आपल्याहून थोडे वेगळे.

आपली बरीचशी प्रतिजैविकं, म्हणजे अँटिबायोटिक्स, याच फरकांवर चालतात. पेनिसिलिन आणि अमॉक्सिसिलिन जिवाणूला भिंत बांधू देत नाहीत. अर्धवट भिंतीतला जिवाणू पाणी शिरून फुटतो. आपल्या पेशींना भिंतच नाही, म्हणून औषधाला आपल्यात अडवण्यासारखं ते कामच सापडत नाही. अझिथ्रोमायसिन जिवाणूच्या रायबोझोमवर जाऊन बसतं आणि त्याचं प्रथिन बनवणं थांबवतं.

सर्दीच्या आणि फ्लूच्या विषाणूला यातलं काहीच नसतं. भिंत नाही, स्वतःचे रायबोझोम नाहीत. तो आपल्या पेशीत शिरून आपलेच रायबोझोम वापरतो, त्यामुळे या गोळ्यांना त्याच्यात धरायला जागाच मिळत नाही.